हदस्साचा नकार

सोलापूर,
१९ जानेवारी

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा घरात गड्ड्याची जत्रा बघायला आलेली गावाकडची पोरं होती. ती काल परत गेली, आणि आज दुपारी दार लावून तुला लिहायला बसलेय. तू लिहिलंयस, “तुमच्या या ख्रिस्ती कादंबऱ्यांत मुलगी प्रार्थना करते, मुलगा सुधारतो आणि पाळक येऊन लग्न लावतात. एक वाचली की सगळ्या वाचल्या.” मंदा, मला वाईट नाही वाटलं. उलट इतकी वर्षं मी ही पुस्तकं वाचतेय, आणि त्यांच्याबद्दल मनापासून भांडायला कुणी भेटलं नव्हतं. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, छान असतात. बाहेरचे म्हणतात, प्रचार असतो. दोन्ही बोलणी तिथेच संपतात.

तू म्हणतेस तो साचा आहेच. बायबलात करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने बजावलंय, की विश्वास न ठेवणाऱ्यांशी जडून विजोड होऊ नका. अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशकांच्या प्रेमकथा बहुतेक या एका वाक्यावर उभ्या असतात. नायिका विश्वासणारी, नायक नाही. म्हणजे लग्न व्हायचं तर आधी त्याचा पालट झाला पाहिजे. लेखिकेलाही हे माहीत, वाचणाऱ्यालाही माहीत. मग शेवटच्या पन्नास पानांत वादळ येतं, नाहीतर कुणी आजारी पडतं, आणि नायक गुडघे टेकतो. तिथे माझं मन उठतं. कारण देवाकडे वळणं ही माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात खोल गोष्ट, आणि इथे ती लग्नाच्या परवानगीसारखी वापरलेली असते. तुला हा प्रचार वाटतो. मला त्यात श्रद्धेचाच अपमान दिसतो. माझा राग तुझ्याहून जास्त आहे, असं समज.

पण मी तुला दिलेलं पुस्तक त्यातलं नाही. फ्रान्सिन रिव्हर्सची ‘अ व्हॉइस इन द विंड’ १९९३ साली आली. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेम पाडलं, तिथून ती सुरू होते. हदस्सा ही यहुदी घरातली ख्रिस्ती पोर. आईबाप, भावंडं सगळी गमावून गुलाम म्हणून रोममध्ये विकली जाते. घरच्या मुलीची, जूलियाची, ती दासी. आणि त्या घरचा मुलगा मार्कस तिच्यावर जीव टाकतो. तो तिला लग्नाचं विचारतो, तेव्हा ती नाही म्हणते. मंदा, गुलाम मुलगी! ‘हो’ म्हटलं असतं तर पायातली बेडी सुटली असती. प्रेमही आहे, तिचंही आहे. तरी नाही. इथे पौलाचं ते वाक्य साचा राहत नाही, त्याची किंमत कुणीतरी आपल्या अंगावर झेलतं. तू पुस्तक मिटलंस ते याच पानाशी, हे तुझ्या पत्रावरून कळलं. तुला ती हटवादी वाटली. मला तिथेच पहिल्यांदा वाटलं, की या मुलीचं स्वतःचं असं काही आहे, जे कुणाला देऊन टाकण्यासारखं नाही.

पहिल्या भागाचा शेवट सहन होत नाही, हे मान्य. जूलियाच तिला सिंहांपुढे पाठवते. पण दुसरा भाग, ‘अ‍ॅन एको इन द डार्कनेस’, वाच. हदस्सा वाचलेली असते, अंगाचेहऱ्यावर वळ घेऊन. इफिसात एका वैद्याच्या हाताखाली ती काम करते, तोंड झाकून, दुसऱ्या नावानं. आणि जूलिया रोगानं झिजत पडल्यावर तिची सेवा करायला हीच जाते. ज्या हातानं सिंहांकडे ढकललं तो हात ती पुसते, औषध पाजते, आणि जूलियाला कळत नाही की ही कोण. माझ्या मते त्या तिन्ही भागांतली खरी प्रेमकथा ही आहे, मार्कसची नव्हे. क्षमेवर मी आयुष्यभर उपदेश ऐकलेत. क्षमा केल्यावर रोज सकाळी उठून काय काय करावं लागतं, ते मला या पानांनी दाखवलं.

याच पुस्तकावर माझा एक मोठा आक्षेपही आहे, तो तुझ्यापाशी लपवत नाही. यातले जवळजवळ सगळे मूर्तिपूजक एकतर विषयासक्त, नाहीतर आतून पोकळ. रोममध्ये कुणी भला शेजारी नव्हता? संध्याकाळी घरच्या देवापुढे दिवा लावणारी, दासीला जेवू घालणारी कुणी म्हातारी नव्हती? मी शाळेत इतिहास शिकवला, आणि राहिले अशा गल्लीत जिथे एका बाजूला तेलुगू बोलणारं विणकराचं घर, समोर लिंगायतांचं, कोपऱ्यावर मुसलमानांचं. आई आजारी होती तेव्हा कुणाकुणाच्या घरून पेज आली, हे मला तोंडपाठ आहे. आपली श्रद्धा उजळ दिसावी म्हणून दुसऱ्याच्या घरात अंधार रंगवायचा, हे मला पटत नाही. येशूनं दृष्टान्त सांगितला तो वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या, चांगल्या शोमरोन्याचा. त्याला परक्यातला चांगुलपणा दाखवायची भीती वाटली नाही, मग कादंबरीकारांना का वाटावी?

म्हणून मी तुला सिएन्कियेविचची ‘क्वो वादिस’ वाचायचा आग्रह करतेय. १८९६ साली ती पुस्तकरूपात आली. लेखक पोलिश, आणि त्या वेळी पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, तीन साम्राज्यांनी वाटून घेतला होता. छळ होणारी माणसं तग कशी धरतात, हा प्रश्न त्याला रोमचा सम्राट नीरो याच्या काळातून उसना आणावा लागला नसेल. यातला विनिसियस हा रोमी सरदार, आधी लिजिया या ख्रिस्ती मुलीला सरळ बळानं घरी आणू पाहतो. तिला पळवून आणायला जातो आणि तिच्या रक्षकाच्या, उर्ससच्या, हातून हात मोडून घेतो. मग ज्यांच्यावर चालून गेला तेच ख्रिस्ती लोक त्याची शुश्रूषा करतात. तिथून त्याचं बदलणं सुरू होतं, आणि ते फार हळू होतं. अर्धं पुस्तक तो फक्त गोंधळलेला आहे. पालट असा लिहावा!

पण मी तुला हे पुस्तक देतेय ते पेट्रोनियससाठी. विनिसियसचा मामा, नीरोच्या दरबारातला रसिक, हुशार, ऐटबाज माणूस. भाचा त्याला आपल्या नव्या श्रद्धेबद्दल लिहितो, ये म्हणतो. पेट्रोनियस ते सगळं समजून घेतो, आदर ठेवतो, आणि सांगतो की हे माझं नाही. शेवटी नीरोची मर्जी फिरल्यावर तो मित्रांना जेवायला बोलावतो आणि पंगतीतच शीर कापून घेतो. त्याच्यावर जीव असलेली युनिस त्याच्याबरोबर जाते. लेखक श्रद्धावान कॅथलिक, तरी त्यानं या माणसाला शेवटच्या क्षणी गुडघ्यावर आणला नाही. त्याचा मान ठेवला. त्यामुळे झालं काय, की विनिसियसच्या विश्वासावर माझा विश्वास बसला. ज्या पुस्तकात ‘नाही’ म्हणायला जागा आहे, त्यातल्याच ‘हो’ला वजन येतं.

रिव्हर्सच्याच ‘रिडीमिंग लव्ह’बद्दल तू विचारलंयस, म्हणून थोडक्यात. बायबलातल्या होशेय संदेष्ट्याची आणि त्याच्या बदफैली बायकोची, गोमरची गोष्ट, सोन्याच्या मागे धावणाऱ्या १८५० च्या कॅलिफोर्नियात नेलेली. १९९१ साली ती आधी साध्या प्रकाशनानं काढली, आणि १९९७ मध्ये लेखिकेनं सुधारून ख्रिस्ती प्रकाशकाकडून पुन्हा आणली. लहानपणी विकली गेलेली एंजल, आणि तिच्याशी लग्न करायला देवानं सांगितलंय असं मानणारा मायकल होशेय. माझ्या ओळखीच्या बायकांत हे सगळ्यात लाडकं पुस्तक, पण मला ते जडच गेलं. मार खाऊन ती अर्धवट शुद्धीत पडलेली असताना तो तिचा होकार घेतो. हेतू कितीही चांगला असो, त्या अवस्थेतला होकार हा होकार नव्हे. देवानं सांगितलं म्हणून पुरुषानं बाईला घरी न्यावं, या वाक्याचा आपल्याकडे काय काय उपयोग होईल, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. ती त्याला सोडून जाते, स्वतःच्या पायावर उभी राहते, तिच्यासारख्याच मुलींसाठी काम काढते, आणि वर्षांनी आपणहून परत येते. मूळ होशेयच्या ग्रंथात गोमरला बोलायला मिळत नाही. इथे तिला मिळालं, हे या कादंबरीचं मोठं काम.

आता तुझी सून वाचू शकेल असं एक. जेनेट ओकची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’, १९७९. इंग्रजी सोपं, पुस्तक लहान. ख्रिस्ती प्रेमकथांची आजची सगळी बाजारपेठ यानं उभी केली म्हणतात, आणि ते खरं असावं. मार्टी पोटुशी आहे. वैराणातल्या प्रवासात तिचा नवरा अपघातात जातो. पुरलं त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर येऊन विचारतो, माझ्या लहान मुलीला आई हवी, तुला छप्पर हवं, लग्न करू. वसंतात गाड्यांचा तांडा परत जाईल तेव्हा तुला जायचं असेल तर भाडं मी देईन. बस्स. मग पुढे हिवाळा, चूल, पाव बिघडणं, मिसी नावाची ती रुसकी पोर, आणि रोज सकाळी क्लार्कनं शास्त्र वाचणं. तो मार्टीला एकदाही उपदेश करत नाही. ती ऐकत राहते.

अमेरिकन वाचकांना यात नवल वाटलं, आधी लग्न आणि मग प्रेम! मला तर आपल्या दोघींच्या आया आठवल्या. अनोळखी माणसाच्या घरात पहिला स्वयंपाक करताना काय वाटतं, तो कुठल्या एका बारक्या गोष्टीवरून आपला वाटायला लागतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या एका बाबतीत मराठी बाई हे पुस्तक तिकडच्या बाईपेक्षा चांगलं वाचते, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त एक सलतं. ती जमीन मोकळीच होती, आधी तिथे कुणी राहत नव्हतं, अशी ती लिहिलेली आहे. या जातीच्या बहुतेक कादंबऱ्यांत मूळचे लोक एकतर दिसत नाहीत, नाहीतर भीती दाखवायला येतात. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या पुस्तकाला हे शोभत नाही.

आणि मंदा, हे सगळं परदेशी आहे असं म्हणू नकोस. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. यमुना आणि विनायक, नवरा-बायको, प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांचे हाल बघतात, आणि त्याबद्दल एकमेकांशी बोलतात. त्या काळी नवरा-बायकोनं असं बरोबरीनं बोलणं हीच केवढी प्रेमकथा! मग विनायक जातो, यमुना बाप्तिस्मा घेते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी पुन्हा लग्न करते. म्हणजे तुझा तो साचा आपल्या भाषेतही आरंभापासून आहे. शेवट मला घाईचाच वाटतो. पण वाटेत भेटलेल्या त्या विधवांच्या हकिकती अजून अंगावर येतात.

साचा मोडला तो लक्ष्मीबाई टिळकांनी, आणि त्यांनी तर कादंबरी लिहिलीही नाही. ‘स्मृतिचित्रे’ तू शाळेत धड्यापुरती वाचलीस, आता पूर्ण वाच. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. त्या काळात काही दिवस लक्ष्मीबाई आपल्याच पंढरपुरात होत्या. नवऱ्यावर जीव, धर्मावरही जीव, आणि लोक बोलतायत. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. सोवळं वेगळं, चूल वेगळी, आणि तरी संसार एक. जातिभेद माणसानं केलाय हे त्यांना स्वतःला, स्वतःच्या विचारानं पटलं, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा मिळावा म्हणून नव्हे. नवरा तर होताच. कुठल्याही अमेरिकन लेखिकेनं रचलेल्या कथेपेक्षा ही मोठी आहे, आणि हसवत हसवत सांगितलेली आहे.

मला वाटतं, अशी कादंबरी आपल्या सोलापुरावर कुणी लिहायला हवी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला, आणि त्यातच १८७७ मध्ये इथे ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशनचं काम त्याच्या आधीपासून चालू होतं. एकाच गावात उपाशी पोरं, गिरणीचा भोंगा, मिशनची शाळा, तेलुगू मुलखातून आलेले विणकर, आणि सिद्धरामेश्वराची यात्रा. यात एखादी मुलगी असेल, मिशननं वाढवलेली, आणि तिच्यावर मन बसलेला मागावरचा एखादा मुलगा. त्याचे देव त्याच्याजवळ, तिचा प्रभू तिच्याजवळ. लेखकानं कुणालाही शेवटी सोयीसाठी वळवू नये. लग्न होतं की नाही, झालं तर कुठल्या चुलीवर शिजतं, दोघांची आई काय म्हणते, हे सगळं नीट लिहावं. उपासनेत म्हटली जाणारी मराठी गाणी यावीत, कडक भाकरी यावी, आणि मिशनचे साहेबही यावेत, त्यांच्या मायेसकट आणि त्यांच्या हुकुमासकट. आमच्या पणज्यांच्या पिढीच्या आठवणी आता घरोघर विरत चालल्यात. मी म्हाताऱ्या बायकांकडे बसून जमेल तेवढं वहीत उतरवतेय. कादंबरी मला लिहिता येणार नाही, पण जी कुणी लिहील तिच्या हाती वही देईन.

‘क्वो वादिस’ आणि ‘एको’ आज पार्सलनं टाकतेय. शेंगाचटणी वेगळ्या डब्यात बांधलीय, पुस्तकांना तेल लागू नये म्हणून. पेट्रोनियसची पंगत वाचून झाली की लगेच लिही. तो बरोबर वागला का, यावर मला तुझं मत हवंय. आणि हदस्सा अजूनही हटवादी वाटते का, तेही.

काकांना नमस्कार, सुनेला आशीर्वाद.

तुझी,
सरोज