मेघास पत्र: ऑफिस की घर

भुसावळ
रविवार

चि. मेघा हिस
अनेक आशीर्वाद.

तू परवा विचारलंस, "पप्पा, कायमचं वर्क फ्रॉम होम घेऊन भुसावळला येऊ का?" फोनवर आपलं बोलणं दर वेळी तुझ्या पुढच्या मीटिंगपाशी तुटतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

उत्तर आधीच सांगतो. अर्ज करू नकोस. अजून दोनेक वर्षं तरी नको. तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर असं कंपनी देते आहे ना, ते घे.

तुझ्या आईचं मत याच्या उलट आहे, तेही सांगायला हवं. पुण्यातलं वाकडचं भाडं वाचेल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोजचा जीव जातो तो वाचेल, घरचं खाशील, डोळ्यांसमोर राहशील. यातलं एकही खोटं नाही. तू घरी असलीस की मलाही घर भरल्यासारखं वाटतं, आणि तू विचारलंस त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला. पण तुझ्या कामाचा विचार करतो तेव्हा मला रेल्वेतला आमचा कंट्रोलचा हॉल आठवतो.

भुसावळ डिव्हिजनचं कंट्रोल म्हणजे एक मोठा हॉल. प्रत्येक सेक्शनचा वेगळा बोर्ड आणि बोर्डावर एक सेक्शन कंट्रोलर, म्हणजे त्या सेक्शनमधली कोणती गाडी सोडायची, कोणती थांबवायची ते ठरवणारा. माझा बोर्ड मनमाडकडचा: नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव. शेजारी खंडव्याचा, पलीकडे अकोला-बडनेऱ्याचा. मागे पॉवर कंट्रोलर, म्हणजे कोणतं इंजिन कुठे आहे याचा हिशेब ठेवणारा. समोर चार्ट: आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. पुढे चार्ट कॉम्प्युटरवर गेला, रंगीत पेन्सिली गेल्या, पण हॉल राहिला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या तेव्हा मालगाड्या चालूच होत्या, आणि आम्ही मास्क बांधून त्याच हॉलमध्ये ड्युटी केली.

आता तिथे काम कसं चालायचं ते बघ. रात्री म्हसावदचा स्टेशनमास्तर फोनवर सांगतो की मालगाडी उभी राहिली आहे, इंजिन ओढत नाही. मी त्याचंच वाक्य परत म्हणायचो, पण मोठ्यानं. "म्हसावदला मालगाडी उभी? इंजिन ओढत नाही? कधीपासून?" मास्तरला ऐकू जायला एवढ्या आवाजाची गरज नसते. तो आवाज मागच्या पॉवर कंट्रोलरसाठी असायचा. माझं बोलणं संपेपर्यंत तो भुसावळात मोकळं इंजिन कोणतं आहे याची चौकशी करत असायचा. डेप्युटी, म्हणजे सगळ्या बोर्डांवर देखरेख करणारा, उठून माझ्या खुर्चीमागे यायचा, कारण त्या मालगाडीमागे मेल गाडी आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. खंडव्याच्या बोर्डावरचा तोपर्यंत आपल्या दोन मालगाड्या आधीच्याच स्टेशनांवर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायच्या तयारीला लागलेला असायचा, म्हणजे यार्डात गर्दी नको. यातल्या कुणालाही मी वेगळा निरोप दिलेला नसायचा.

इथल्या झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये सिग्नल शिकवतात, ब्लॉक शिकवतात, अपघात झाला तर काय करायचं ते शिकवतात. आवाज कधी चढवायचा हे तिथे कुणी शिकवत नाही. ते मी लर्निंगच्या दिवसांत एका सिनियरशेजारी स्टूल टाकून शिकलो. तो मला शिकवायला बसलेलाच नव्हता. तो त्याचा बोर्ड चालवत होता आणि मी बघत होतो. कोणत्या मास्तरचं "पाच मिनिटं" म्हणजे पंधरा असतात, कुणाला दोनदा विचारायचं, कुणाला एकदाही विचारायची गरज नाही, चिडलेल्या ड्रायव्हरशी कसं बोलायचं, हे सगळं मला तिथे मिळालं. तो सिनियर वेगळ्या गावी बसून फोनवर असता, तर यातलं एकही त्यानं मला सांगितलं नसतं. दडवायचं म्हणून नव्हे, हे सांगण्यासारखं आहे हे त्यालाच सुचलं नसतं.

तुझं नोकरीतलं हे दुसरं वर्ष. तूच सांगितलं होतंस की मागच्या महिन्यात रात्री सिस्टिम बंद पडली आणि तुझ्या टीमच्या लीडनं तासाभरात ती उभी केली. तुला काय दिसलं? ग्रुपवर "सुरू झालं आहे" एवढा मेसेज. त्या तासात त्यानं आधी काय उघडून बघितलं, कोणत्या शंका खोडून टाकल्या, कशाला हात लावायचा नाही असं ठरवलं, कुणाला झोपेतून उठवलं, हे तुला दिसलंच नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर असतीस तर पुढच्या वेळी अर्धं काम तू केलं असतंस.

हा म्हाताऱ्या माणसाचा जुना हट्ट आहे असं वाटायला नको, म्हणून तुझ्या दादाला सांगून यावरचं काही वाचायला मागवलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनीअरांचा अभ्यास झाला आहे. ज्यांची सगळी टीम जवळ बसत होती त्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळत होत्या, आणि त्याचा सर्वांत जास्त फायदा नव्या, तरुण लोकांना होत होता. त्याच अभ्यासात हेही निघालं की जवळ बसल्यामुळे अनुभवी लोकांचं स्वतःचं काम कमी होतं. म्हणजे तुझी शिकवणी कुणाच्या तरी वेळातून होते. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आज तुला ते मिळतं आहे तर घे, आणि चार-पाच वर्षांनी एखादी नवी मुलगी तुझ्या शेजारी येऊन बसली तर तिच्यासाठी हेडफोन काढून ठेव.

दुसरा प्रयोग चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीचा, २०१५ मध्ये छापून आलेला. कॉल सेंटरच्या लोकांपैकी ज्यांनी स्वतःहून नाव दिलं त्यांच्यातल्या काहींना नऊ महिने, आठवड्याचे चार दिवस, घरून काम दिलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. हे घराच्या बाजूचं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तिथे अट होती की घरी कामासाठी वेगळी खोली आणि चांगलं इंटरनेट हवं. कॉल सेंटरचं काम एकट्याचं असतं, समोर फोन आणि आपण. आणि तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसलेल्यांना बढती मात्र कमी मिळाली. प्रयोग संपल्यावर कंपनीनं पुन्हा निवडायची मुभा दिली, तर निम्म्याहून जास्त लोकांनी आपली जागा बदलली आणि फायदा वाढून २२ टक्क्यांवर गेला. म्हणून तुझ्या कंपनीला एक प्रश्न जरूर विचार: आज घेतलेला पर्याय वर्षभरानं बदलता येतो का? कंपन्यासुद्धा मत बदलतात. टीसीएसनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फार तर २५ टक्के लोकांनाच ऑफिसात यावं लागेल, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी लोकांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. "कायमचं" या शब्दावर विसंबून पुण्यातली खोली सोडू नकोस.

आता दुसरी बाजू, कारण लांबून काम होतच नाही असं मी रेल्वेत जन्म काढून म्हणू शकत नाही. गाळणचा किंवा माहेजीचा मास्तर रात्रभर एकटा असतो. जवळ रूळ बदलणारा पॉइंट्समन, बाहेर केळीची नाहीतर कपाशीची शेतं, आणि कानाला फोन. त्याचा साहेब कितीतरी किलोमीटर लांब. असं काम या देशात कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून चाललं आहे, आणि त्यावर लाखो माणसं रोज सुखरूप घरी पोचतात. ते चालतं कारण त्याला शिस्त आहे.

प्रायव्हेट नंबर म्हणजे काय ते तुला सांगतो. मास्तर गेटमनला फोन करतो की गाडी येते आहे, गेट बंद कर. गेटमन नुसतं "केलं" म्हणाला तर ते चालत नाही. त्याच्याकडे छापील आकड्यांचा एक कागद असतो. गेट बंद केल्यावर त्यातला एक आकडा तो मास्तरला सांगतो, मास्तर तो वेळेसकट रजिस्टरमध्ये लिहितो, आणि वापरलेला आकडा कागदावर खोडला जातो. दोन स्टेशनांमध्ये लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायला पुढच्या स्टेशनची परवानगी, घेतानाही आकडा घेतात. समोर माणूस दिसत नाही तिथे नुसत्या शब्दावर गाडी सोडत नाहीत.

आणि कंट्रोलचा फोन हा सगळ्या स्टेशनांना एकाच वायरीवर असायचा. मी पाचोऱ्याशी बोलत असलो तरी गाळणच्या मास्तरनं रिसीव्हर उचलला की त्याला सगळं ऐकू येई. हुशार मास्तर मुद्दाम ऐकत बसत. त्यांना न विचारता कळायचं की मागे काय अडलंय आणि आपल्याकडे गाडी किती उशिरा येईल.

घरच्या दोन दिवसांसाठी तू एवढं कर. शंका आली की एकेकाला गुपचूप मेसेज टाकू नकोस, सगळ्या टीमच्या ग्रुपवर विचार. नवखी आहेस तोवर लाज वाटेल, पण तुझा प्रश्न आणखी तिघांच्या मनात असतो आणि उत्तर सगळे ऐकतात. कुणी तोंडी काही ठरवलं की दोन ओळी लिहून त्याच्याकडून "बरोबर" असं घे. आणि लॅपटॉप बंद करायच्या आधी काय झालं, काय राहिलं, उद्या कोणाकडे काय अडलं आहे, हे लिहून ठेव. आम्ही डायरी लिहून, बोलून चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडत नव्हतो.

ऑफिसच्या हॉलचाही त्रास असतो, तो मला माहीत आहे. गाड्या का उशिरा धावल्या याचा बारकाईनं हिशेब करायचा असला की आमच्याकडचे लोक ते काम वेगळ्या खोलीत नेत. त्या गलक्यात ते होणं शक्य नव्हतं. तुझंही जे काम सलग तीन तास डोकं मागतं ते घरच्या दिवसांना ठेव. आणि हिंजवडीपर्यंत जाऊन दिवसभर बेंगळुरूच्या लोकांशी व्हिडिओवरच बोलायचं असेल, तर त्या दिवशी जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

राहिलं आपलं घर. मे महिन्यात तू आठवडाभर इथून काम केलंस, तेव्हा मी बघत होतो. मागच्या खोलीत कूलर लावला की मीटिंगमधल्या लोकांना आवाज जायचा, बंद केला की तू घामानं भिजायचीस. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चाले पण वायफाय बंद पडे, आणि तू फोन हातात धरून जिन्यात रेंज शोधत उभी असायचीस. शिवाय माणसं. आई गच्चीवर बिबडे घालत होती, तिनं तुला दोनदा हाक मारली. धुळ्याची आत्या आली, आणि तू कॉलवर आहेस म्हटल्यावर ती म्हणाली, "पोर घरमाच शे ना, मंग तिले सांग ना चहा ठेवाले." आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तुझा दादा महिनाभर इथून काम करत होता तेव्हा त्याला कुणी चहा ठेवायला सांगितलं नाही, उलट त्याच्या टेबलावर चहा जात होता. मी आईशी यावर बोललो आहे. तू येशील तेव्हा मागच्या खोलीचं दार बंद असेल आणि चहा मी करीन. तरीसुद्धा रोज, वर्षानुवर्षं, तुला प्रत्येक पाहुण्यापुढे "मी कामावर आहे" हे सिद्ध करत बसावं लागेल. ऑफिसच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीला ते करावं लागत नाही.

आम्हा दोघांकडे कोण बघेल हा विचार तुझ्या मनात असेल तर तो काढून टाक. आईचं बीपी आटोक्यात आहे, औषधं मी वेळेवर देतो. तुझा मामा जळगावात आहे आणि गल्लीतले अर्धे लोक माझ्याबरोबर रेल्वेत होते. आमची तब्येत हे तुझ्या नोकरीचा निर्णय घेण्याचं कारण होता कामा नये. महिन्यातून एकदा घरचे दोन दिवस शनिवार-रविवारला जोडून महाराष्ट्र एक्सप्रेसनं येत जा. त्यासाठी खोलीतला इन्व्हर्टर बदलून वायफाय त्यावर घेतो आहे, इलेक्ट्रिशियन बुधवारी येणार आहे.

फॉर्म भरायच्या आधी तुझ्या लीडला विचार की तो कोणत्या वारी ऑफिसात असतो, आणि तेच तीन वार धर. तो मंगळवार ते गुरुवार येत असेल आणि तू सोमवार आणि शुक्रवार धरून बसलीस, तर वाकड-हिंजवडीच्या फेऱ्या फुकट जातील. त्यानं काय सांगितलं ते मला कळव.

तुझे,
पप्पा