चिऊ निघण्याआधी आणि परतल्यावर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, परवा तू म्हणालीस, चिऊ एवढ्या हौसेनं सहा महिने शिकायला जर्मनीला जातेय, तर पोरगी उठसूट का भांडते? निघण्याआधी बहुतेक मुलांचं असंच होतं. व्हिसा, विमा, खोलीचा करार, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) ही कामं एकमेकांत अडकलेली असतात. एक कागद राहिला की पुढचे सगळे थांबतात. त्यात महिन्याला 992 युरोप्रमाणे पैसे आधीच भरून दाखवायचे, आणि ते बाबांच्या ठेवीतून गेलेत हे तिला ठाऊक आहे. म्हणून बाबा, 'खर्चाचं चीज कर' हे वाक्य सध्या नकोच.

तूप, पेढे, खव्याचं काही बांधून देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात सोबत नेता येत नाहीत, सापडले तर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको. चिवडा, भाजणी, गोडा मसाला खुशाल द्या. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.

तिकडे गेल्यावरचं सांगते. 1955 साली लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकानं अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांवरून 'यू' अक्षरासारखा आलेख मांडला: आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. 1963 साली घरी परतल्यानंतरची दुसरी घसरण त्याला जोडली गेली आणि 'यू'चा 'डब्ल्यू' झाला. सगळ्यांचं मन या रेघेवरून चालत नाही. पुष्कळांना पहिलेच आठवडे सर्वांत जड जातात. कारणंही साधी असतात. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, पण अपॉइंटमेंट मिळत नाही. रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध-ब्रेड आणायचं राहिलं तर बसा. त्यात इथे दिवाळी, फराळाचे फोटो धडाधड जाणार. आणि डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास अंधार! नाशिकला तेव्हा गच्चीवरचे कपडेसुद्धा काढलेले नसतात.

फोनची वेळ आत्ताच ठरवून घ्या. तुमच्या रात्री नऊला तिकडे संध्याकाळचे साडेपाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग तुमच्या नऊला तिचे साडेचार, म्हणजे कदाचित ती वर्गात असेल. फोन उचलला नाही तर घाबरू नका. रडवेली वाटली तर लगेच 'परत ये' म्हणू नका. काय जेवलीस, आज कोणाशी बोललीस, एवढंच विचारा. रडून मोकळी झालेली मुलगी तासाभरानं मैत्रिणींबरोबर हिंडत असते आणि इथे तुम्ही रात्रभर जागे. पण झोप, जेवण, वर्गाला जाणं हे सगळंच दोनेक आठवडे बिघडलेलं दिसलं, तर मला कळवा. तिथल्या विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे तिला जायला सांगू.

जायची तयारी सगळे करतात, परतण्याची कोणीच करत नाही, आणि मुलं परतल्यावरच चिडतात. आल्या आल्या हॉर्न, धूळ, रस्ता ओलांडणं, सगळ्यावर तिचं 'तिकडे असं नव्हतं' सुरू होईल. त्याला शिष्टपणा समजू नका. सहा महिने किल्ली, पैसे, स्वयंपाक तिनं एकटीनं सांभाळलेला असेल, म्हणून 'कुठे चाललीस, कधी येशील' हे आधीपेक्षा जास्त टोचेल. शिवाय तिथले गुण उशिरा येतात आणि ते इथल्या विषयांशी जुळवायचे असतात. तेवढा काळ जीव टांगणीला. पूर्वेकडे प्रवास केल्यावर झोप लवकर लागत नाही, चार-पाच दिवस ती रात्री दोनपर्यंत टक्क जागी राहील. दुपारी गाढ झोपू देऊ नका, सकाळी पडदे उघडे ठेवा.

'कसं होतं?' असं विचारलंत तर 'मस्त' एवढंच उत्तर मिळेल. खोली कशी होती, भाजी कुठून आणायचीस, असं विचारा, मग तासभर बोलेल. ती येईल तेव्हा द्राक्षांचा हंगाम असेल. दोन किलो आणून ठेवा, आणि नातेवाइकांना पहिल्या रविवारी जेवायला बोलावू नका.

तुमची,
लेक