सांध्याखालचा फुटवा

वेळणेश्वर, ता. गुहागर
१४ मे

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन केलास तेव्हा रेंज जात-येत होती. निम्मं मला ऐकू आलं, निम्मं मी ओळखलं. हॉटेल बंद केलंस ते ऐकू आलं. कर्ज किती राहिलंय ते मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा रेंज गेली. ती खरंच गेली की तू घालवलीस, हे तुझं तुला माहीत. "आई, सगळं जळून राख झालंय, आता फिनिक्स व्हायचं," हे मात्र स्पष्ट आलं.

मग रात्री पुस्तकांचा फोटो आला. सात पुस्तकं, त्यातल्या पाचांवर ज्वाळा आणि पंख, खाली तुझा प्रश्न, यातलं आधी कुठलं वाचू. अरे, मी दोन इथेच फोनवर चाळून पाहिली. पहाटे पाचला उठा, आरशासमोर उभे राहून स्वतःला शाबासकी द्या, तीस दिवसांत नवा माणूस. पक्षी बिचारा मुखपृष्ठावर बसलाय तो बसलाच, आत कुठे फिरकत नाही. पहाटे पाचला तर तू मंडईत जायला गेली चार वर्षं उठतोच आहेस.

शाळेत बत्तीस वर्षं इतिहास आणि इंग्रजी शिकवलं, त्यामुळे राखेतून पुन्हा उठतो म्हणतात तो हा पक्षी मला जरा जुन्या ओळखीचा आहे. बाबांना हॉटेलचं सांगितलंय, फिनिक्सचं नाही. ते म्हणतील, पक्षी कसले वाचतोय, हिशेब लिही म्हणावं.

सगळ्यात जुनी सविस्तर हकिगत हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराची, अडीच हजार वर्षांपूर्वीची. इजिप्तचं वर्णन करताना तो सांगतो की असा एक पक्षी आहे म्हणतात, मी फक्त चित्रात पाहिलाय, आणि लोक सांगतात त्यावर माझा विश्वास नाही. मला तो याचसाठी आवडतो. ऐकलेलं सांगतो आणि पटत नाही हेही सांगतो. तर त्याच्या हकिगतीत आग नाही. पाचशे वर्षांनी एकदा बाप मरतो, आणि मुलगा त्याला अरबस्तानातून उचलून इजिप्तच्या सूर्यनगरीत, सूर्याच्या देवळात नेऊन पुरतो. कसा नेतो ते वाच. आधी हिराबोळाचं एक अंडं वळतो, आपल्याला पेलेल एवढं. मग ते उचलून उडून बघतो, झेपतंय का. झेपलं की उतरून ते आतून पोखरतो, बापाला आत ठेवतो, भोक पुन्हा हिराबोळानेच लिंपतो. वजन होतं तेवढंच भरतं. मग निघतो.

हिराबोळ म्हटल्यावर मला काय आठवलं सांगू? तुझ्या वेळी आजीने तो मला बारा दिवस सकाळी गिळायला लावला होता. कडू जहर. बाळंतिणीचं कोठं साफ होतं म्हणायची. तेव्हा त्याचा नि ग्रीकांच्या पक्ष्याचा संबंध असेल असं कुणी सांगितलं असतं तर आजीने त्यालाही एक गोळी चारली असती.

ओव्हिड हा रोमन कवी नंतरचा. त्याचा पक्षी झुलत्या ताडाच्या शेंड्यावर घरटं बांधतो. दालचिनी, जटामांसी आणि परत हिराबोळ. त्या वासात निजून जातो. तिथेही आग नाही. प्लिनी हा रोमन लेखक म्हणतो हाडांतून आधी एक अळी होते आणि तिचा पक्षी होतो. आग नंतरच्या लेखकांनी लावली, आणि ती दिसायला इतकी छान होती की बाकीचं सगळं मागे पडलं. अंडं वळणं, उचलून बघणं, लिंपणं, हे मुखपृष्ठावर कसं काढणार?

आणखी एक गंमत. ग्रीक भाषेत फिनिक्स म्हणजे खजुराचं झाडही. आपल्या शिंदीचं शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्वेस्ट्रिस आहे. शिंदीच्या पातीची केरसुणी होते, तिलाच आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतो. तेव्हा तुझा फिनिक्स लहानपणापासून दाराआड उभा आहे, तू एकदाही हातात घेतला नाहीस ती गोष्ट वेगळी.

बाकी ज्यांनी हा पक्षी खरोखर गोष्टीत घेतला त्यांची पुस्तकं वाच की. ईडिथ नेस्बिटचं 'द फिनिक्स अँड द कार्पेट' १९०४ चं आहे, मुलांचं. तिचा फिनिक्स इतका आढ्यतेखोर की लंडनमधल्या फिनिक्स नावाच्या आगविमा कचेरीला तो आपलं देऊळ समजतो. पण शेवटी मुलांच्या उचापतींनी तो थकतो, अंडं घालतो आणि म्हणतो, हे दोन हजार वर्षं उबणार नाही अशा ठिकाणी पाठवा. दोन हजार वर्षं! दमलेल्या जिवाने एवढी सुट्टी मागितली तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. तुझी तीस दिवसवाली पुस्तकं हे पान वगळून पुढे जातात.

हॅरी पॉटरचा दुसरा भाग तर तू पारायण करून फाडला होतास. त्यातला फॉक्स नावाचा फिनिक्स आठवतो का? आपल्याला पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो पिसं झडलेला, अर्धवट सोललेल्या कोंबड्यासारखा असतो. पेट घेतो, आणि राखेतून जे डोकं बाहेर येतं ते सुरकुतलेलं, कुरूप, एवढंसं पिल्लू. लाल-सोनेरी पंख वगैरे पुढे केव्हातरी. बाई मुलांसाठी लिहीत होती, पण तिथे तिने खोटं लिहिलं नाही. अत्तार या फारसी कवीने तर हा पक्षी हिंदुस्थानात राहतो असं लिहून ठेवलंय, चोचीला बासरीसारखी शंभर भोकं. आपल्या भागात अजून कुणाला दिसला नाही, सध्या कोकिळाच काय त्या ओरडतायत.

आणि रे ब्रॅडबरीचं 'फॅरनहाइट ४५१', १९५३ चं. त्यात आगीचे बंब पुस्तकं जाळायला निघतात आणि जाळणाऱ्यांच्या अंगावर बिल्ला असतो तो फिनिक्सचाच. शेवटी शहर बेचिराख होतं तेव्हा एक म्हातारा शेकोटीपाशी म्हणतो की हा पक्षी माणसाचा भाऊबंदच असणार, सारखा स्वतःला जाळून घेतो. फरक एवढाच की आपण काय मूर्खपणा केला ते आपल्याला कळतं. ही माणसं एकेक पुस्तक पाठ करून आपल्याबरोबर घेऊन चाललेली असतात. ते वाचताना मला चिपळूण आठवलं.

२०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही गेली. १८६४ सालचं वाचनालय. तू पुण्यात होतास, तुला बातमीत दिसलं असेल. मी चौथ्या दिवशी मावशीकडे पोचले. तिचं पुस्तकांचं कपाट उघडेना. पुस्तकं पाणी पिऊन इतकी फुगली होती की फळीत गच्च बसली होती, बाबांनी पहारीने फळी काढली तेव्हा सुटली. गुळगुळीत कागदाची होती ती विटेसारखी झाली, पान पानापासून सुटेना. साध्या कागदाची मात्र आम्ही आठ-आठ पानांमागे वर्तमानपत्र घालून पंख्याखाली उभी केली, दर दोन तासांनी वर्तमानपत्र बदललं, सुकल्यावर पाट्याखाली दाबली. कपाटातून अकरा वाचली. वास अजून येतो.

त्या अकरांतलं एक या पत्राबरोबर पाठवतेय. आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण'. पानांच्या कडेला गाळाची रेघ दिसेल, ती पुसू नकोस. देवरुखची ही गोदू जोशी, लग्नानंतर काही महिन्यांत विधवा, वय आठच्या आसपास. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या मुरूडने, आपल्या दापोलीजवळच्या, त्यांना वाळीत टाकलं. एवढं सगळं झालेली बाई लिहिते कशी, तर पडवीत शेंगा सोलत बोलावी तशी. मी पुन्हा जन्मले वगैरे आव नाही. तुझ्या सातांपेक्षा हे आधी घे.

आता आपल्या सड्यावरच्या बागेचं सांगते. गेल्या वर्षीच्या फाल्गुनातल्या वणव्यात हापूसची अकरा कलमं गेली हे तुला माहीत आहे. बाबा महिनाभर वर गेले नाहीत. मिरगानंतर बाळूकाका गेला आणि पाच बुंध्यांना फुटवा आलाय म्हणून सांगत आला. मला केवढा आनंद. मी त्याला चहा दिला. तो बशीत ओतत म्हणाला, "वयनी, फुटवा आलाय खरा, पन सांध्याच्या खालनं. रायवळ हाय तो."

मी स्वतः जाऊन पाहिलं. बुंधा काळाठिक्कर, साल बोटाने सुटत होती. जमिनीपासून वीतभरावर कलमाचा सांधा, जुन्या जखमेसारखा फुगलेला. त्याच्या वर काही नाही. खाली तांबूस, लुसलुशीत चार पानं, पोराच्या कानाच्या पाळीएवढी. वरचा हापूस मेला. खाली इतकी वर्षं मुकाट्याने वजन पेलणारा रायवळ होता, तो आपल्या नावाने वर आला. कोयीपासूनचं झाड ते, त्याला हापूस लागणार नाही.

मंदार, हॉटेल चालवणारा मंदार परत येईल की नाही, मला माहीत नाही. त्याच्या आधीचा एक मुलगा मला माहीत आहे. दहावीच्या सुट्टीत मावशीच्या खानावळीत चाळीस पानं वाढायचा आणि एकाचंही मीठ विसरायचा नाही. तो तुझ्या फोटोतल्या पुस्तकांत कुठे नाही म्हणून एवढं लांबण लावलं.

त्या पाचांचं काय करायचं यावर आमच्यात वाद आहे. बाबांचं म्हणणं, पावसाळ्यात पाचांवरही मृदकाष्ठ कलम करायचं, खालच्या बागेतल्या जुन्या हापूसची काडी आणून. मी म्हणते दोन रायवळच राहू देत. लोणच्याला कैऱ्या विकत आणाव्या लागतात, हे आंबा बागायतदाराच्या बायकोला शोभतं का? शिवाय रायवळाचा रस तुला हापूसपेक्षा जास्त आवडायचा, दोऱ्यांसकट. बाबा म्हणतात, बघू. म्हणजे निम्मे मानलेत.

काल समोरच्या मळ्यात भाताच्या रोपांसाठी दाढ, म्हणजे राब, भाजली. शेण, झाडांची तोडलेली कवळ, पातेरा, वर माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवलं, म्हणजे भडकत नाही, सरपटत जळतं. कृषी खात्याची माणसं भाजू नका सांगून जातात, झाडं तुटतात हे त्यांचं खरंही आहे. पण धुराचा वास घरभर आहे आणि पत्रालाही लागला असेल.

पुस्तकाबरोबर कोकमं आणि आंब्याची साठं आहेत. साठं उन्हात राहू देऊ नकोस.

आणि आकडा पाठव. बँकेचं किती, मालकाचं भाडं किती, त्या दोन पोरांचा पगार राहिलाय का, मित्रांकडून घेतलेले वेगळे. एका कागदावर, बेरीज करून. बेरीज कितीही येवो. बाबा व्हॉट्सॅप बघत नाहीत आणि फोनवर त्यांचा आवाज चढतो, म्हणून पोस्टाने पाठव. कागद आला की ते चष्मा लावून ओटीवर बसतील, दोनदा बेरीज तपासतील, तुझी चूक सापडली तर खूष होतील. मग आपण तिघं बघू कितपत उचलतं ते.

तुझी,
आई

ता. क. : कलमं आषाढात करायची आहेत. बाबांचा हात हल्ली पट्टी बांधताना थरथरतो, ते कबूल करणार नाहीत. तू ये. कलमाचा चाकू पुण्याहून चांगला बघून आण, इथला बोथट झालाय.