संस्थांनी एकत्र यावेच, पण शाळेत कलाशिक्षकही असावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी शाळांमधील कलाशिक्षण वाढावे यासाठी संग्रहालये, नाट्य व संगीत संस्था, देणगीदार प्रतिष्ठाने आणि शिक्षण विभाग यांनी एकत्र काम करावे, असा विचार आता जगभर मांडला जात आहे. युनेस्कोने २००६ मध्ये लिस्बन, २०१० मध्ये सोल आणि २०२४ मध्ये अबू धाबी येथे भरवलेल्या जागतिक परिषदांमधूनही याच सहकार्याचा पुरस्कार झाला. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी या विचाराचे मनापासून स्वागत करतो. मात्र अशा सहकार्याच्या घोषणा होतात तेव्हा किती संस्था सामील झाल्या आणि किती निधी जमला याचीच चर्चा होते. कोणत्या शाळेतील कोणत्या मुलांपर्यंत काय पोहोचले आणि निधी संपल्यावर तिथे काय उरले, हे प्रश्न मागे राहतात. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

या बाबतीत न्यूयॉर्क शहराचा अनुभव फार बोलका आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर हे शहर आर्थिक संकटात सापडले आणि शाळांच्या खर्चाला जी कात्री लागली, तिचा मोठा फटका कलाशिक्षकांना बसला. ती पोकळी पाहून ॲग्नेस गुंड यांनी १९७७ मध्ये 'स्टुडिओ इन अ स्कूल' ही संस्था सुरू केली आणि व्यावसायिक कलावंतांना शिकवण्यासाठी थेट वर्गात आणले. पुढच्या काळात शहरातील कितीतरी संग्रहालये, वाद्यवृंद आणि नृत्यसंस्था शाळांशी जोडल्या गेल्या. १९९७ पासून कलाशिक्षणासाठी शाळांना राखीव निधीही मिळू लागला. पण २००७ मध्ये तो निधी कलेवरच खर्च करण्याचे बंधन काढून टाकण्यात आले. २०१४ मध्ये शहराचे लेखानियंत्रक स्कॉट स्ट्रिंगर यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालातून जे समोर आले ते कोणालाही अस्वस्थ करणारे होते. शहरातील जवळजवळ दर पाच सरकारी शाळांपैकी एका शाळेत पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, कसलाही प्रमाणित कलाशिक्षक नव्हता. आणि ज्या शाळांत प्रमाणित कलाशिक्षक नव्हते, त्यांपैकी ४२ टक्के शाळा साउथ ब्राँक्स आणि सेंट्रल ब्रुकलिन या गरीब वस्तीच्या भागांत होत्या. कलासंस्थांच्या बाबतीत जगातील अत्यंत संपन्न असलेल्या शहराची ही स्थिती होती. म्हणजे संस्थांची वाण नव्हती, सद्भावनेचीही नव्हती.

मग असे का होते? माझ्या मते याचे कारण शाळेच्या रोजच्या कामकाजात दडलेले आहे. बाहेरची संस्था शाळेत यायची तर कोणीतरी अर्ज भरावा लागतो, वेळापत्रकातील तासिका हलवाव्या लागतात, खोली मोकळी करून द्यावी लागते, साहित्य सांभाळावे लागते आणि पाहुणा कलावंत गेल्यानंतर मुलांनी सुरू केलेले काम पुढे न्यावे लागते. ज्या शाळेत कलाशिक्षक आहे तिथे ही कामे करणारा माणूस आहे. ज्या शाळेत तो नाही तिथे आमंत्रण द्यायलाच कोणी नाही. साहजिकच संस्था जिथे स्वागत होते तिथे जातात, आणि ज्यांच्याकडे आधीच काही आहे त्यांच्याच पदरात आणखी पडते. यात संस्थांचा दोष काढावा असे नाही, कारण प्रत्येक संस्था आपापल्या परीने प्रामाणिकपणे काम करत असते. दोष आहे तो सगळ्या शाळांचे चित्र कोणाच्याच समोर नसण्याचा.

म्हणूनच मला शिकागो येथील कामाचे विशेष महत्त्व वाटते. तिथे २०११ मध्ये 'इंजेन्युइटी' ही संस्था स्थापन झाली, ती स्वतः कला शिकवण्यासाठी नव्हे, तर कोणत्या शाळेत किती कलाशिक्षक आहेत, आठवड्याला किती मिनिटे कला शिकवली जाते आणि कोणत्या बाहेरच्या संस्था तिथे येतात, याची नोंद ठेवून मदतीची दिशा ठरवण्यासाठी. त्या शहराच्या शाळांचा कलाशिक्षण आराखडा २०१२ मध्ये तयार झाला. प्राथमिक शाळेत आठवड्याला १२० मिनिटे आणि ३५० विद्यार्थ्यांमागे एक कलाशिक्षक, अशी मोजता येणारी उद्दिष्टे तिथे मांडली गेली आणि त्या निकषांवर प्रत्येक शाळा कोठे आहे हे दरवर्षी पाहिले जाऊ लागले. हे काम दिसायला रूक्ष आहे, त्यात टाळ्या नाहीत, प्रदर्शन नाही. पण उणीव कुठे आहे हे एकदा कागदावर आले की मदत कुठे न्यायची याविषयी सबबी उरत नाहीत. नॉर्वेने २००१ पासून देशभर राबवलेल्या 'कल्चरल स्कूलबॅग' या योजनेतही तत्त्व सर्वांपर्यंत पोहोचण्याचेच आहे. लॉटरीच्या उत्पन्नातील वाटा वापरून व्यावसायिक कलावंतांचे काम तेथील सर्व शाळकरी मुलांपर्यंत नेले जाते.

कलाशिक्षणाने काय साधते, याचा पुरावा नेहमी मागितला जातो. ह्यूस्टनमध्ये कलासंस्था, शाळा आणि देणगीदार यांच्या एकत्रित उपक्रमाचा अभ्यास डॅनिएल बोवेन आणि ब्रायन किसिडा यांनी केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४२ शाळांमधील दहा हजारांहून अधिक मुलांचा त्यात समावेश होता आणि उपक्रमात कोणत्या शाळा आधी घ्यायच्या हे सोडतीने ठरवले होते, त्यामुळे तुलना विश्वासार्ह होती. उपक्रमातील शाळांत शिस्तभंगाचे प्रमाण ३.६ टक्केबिंदूंनी घटले, मुलांचे लेखन सुधारले आणि इतरांविषयीची सहानुभूती वाढली. बॉस्टनमध्ये 'एडव्हेस्टर्स' या संस्थेच्या पुढाकाराने शाळांतील कलाशिक्षण वाढवण्यासाठी २००९ पासून चाललेल्या कामाच्या अभ्यासात मुलांची हजेरी सुधारल्याचे आढळले. ह्यूस्टनमध्ये गणित, विज्ञान किंवा वाचनाच्या गुणांत मात्र लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि हे स्पष्टपणे सांगायला हवे. कलेचा तास दिल्याने ते गुण घसरलेही नाहीत, एवढे पुरेसे आहे. कलाशिक्षणाचे समर्थन गणिताच्या गुणांच्या आधारे करू लागलो, तर गुण वाढले नाहीत त्या वर्षी तो तास काढून घेतला जाईल.

माझा खरा आग्रह शिक्षकाच्या पदासाठी आहे. पाहुणा कलावंत शाळेत जे आणतो ते मी कधीच कमी लेखणार नाही. काम करणारा शिल्पकार किंवा नट मुलांना जवळून पाहायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु सहा आठवड्यांच्या कार्यशाळेला मूल कोठून आले आणि पुढे कोठे जाणार हे ठाऊक नसते. पहिलीत खडू धरणाऱ्या मुलाला सातवीत छायाप्रकाश समजावा, यासाठी मधल्या सगळ्या वर्षांत त्याच्याकडे पाहणारा एक माणूस शाळेत असावा लागतो. वर्गात कधीही न बोलणारी मुलगी रंगांत काय सांगते आहे, हे त्यालाच कळते, कारण त्याने तिची गेल्या वर्षीची चित्रेही पाहिलेली असतात. कलेचा तास जादा गणिताला द्यायचे ठरते तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत विरोध करणाराही तोच असतो.

त्यामुळे संस्थांच्या संयुक्त निधीतून पहिली काही वर्षे पदाच्या वेतनाचा भार उचलावा आणि त्यानंतर ते पद शिक्षण विभागाने स्वतःच्या अंदाजपत्रकात घ्यावे, हे करारात आधीच लिहिलेले असावे. ज्या शाळांत आज काहीच नाही, त्यांना यादीत पहिले स्थान मिळावे. त्यांच्याकडून अर्जाची वाट पाहू नये. शाळेत येणाऱ्या कलावंतांनाही योग्य मानधन वेळेवर मिळावे, कारण अनेक उपक्रम त्यांच्या त्यागावर चालतात आणि म्हणूनच फार काळ चालत नाहीत.

आपल्या वृत्तपत्रास माझी विनंती आहे की, अशा सहकार्याची बातमी देताना सामील संस्थांच्या नावांबरोबर निवडलेल्या शाळांची यादीही छापावी, त्यांपैकी किती शाळांत कलाशिक्षक नव्हता हे विचारावे, आणि तीन वर्षांनी पुन्हा त्याच शाळांत बातमीदार पाठवून आता तिथे कोण शिकवत आहे हे वाचकांना सांगावे.

आपला नम्र,
एक कलाशिक्षक