औषधं दोन खिडक्यांवर, जबाबदारी एकाही खिडकीवर नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या कामाचा व्याप मोठा आहे, तरी हे पत्र आपण स्वतः वाचावं अशी विनंती. माझ्या आईला दिलेल्या औषधांबद्दलच्या तक्रारीवर आमच्या जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाचं लेखी उत्तर परवा हातात पडलं. 'सर्व औषधे चिठ्ठीनुसार देण्यात आली असून वितरणात कोणतीही त्रुटी आढळून आलेली नाही.' चौकशी करू, सुधारणा कळवू, असा शब्द तिथल्या साहेबांनी मला तोंडावर दिला होता. त्याचं हे झालं.

आई एकाहत्तर वर्षांची. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन चालू होतं. या गोळीने लघवीवाटे पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकात्मिक उपचार कक्ष आहे, म्हणजे ॲलोपॅथीच्या जोडीला आयुर्वेदाचे उपचार. तिथे खोकल्या-पित्तासाठी यष्टिमधू चूर्ण मिळालं, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. आई औषधाच्या बाबतीत शिस्तीची; सांगितलं तेवढं, सांगितलं तेव्हा. तिने ते महिनोन्महिने घेतलं. ज्येष्ठमध मोठ्या मात्रेत, बरेच दिवस पोटात गेलं की रक्तदाब चढू शकतो आणि पोटॅशियम उतरू शकतं, हे औषधशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं आहे. एका सकाळी तिला पलंगावरून पाय खाली टाकता येईनात. पोटॅशियम २.४, जे निदान ३.५ तरी हवं. हृदयाचे ठोके चुकत होते. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली, चूर्णाची डबी उचलली आणि विचारलं, "आजी हे किती दिवस घेताहेत?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. आई वाचली, पण अजून भिंत धरून न्हाणीघरात जाते आणि समोर पाण्याचा पेला ठेवला तरी आधी विचारते, हे घेतलं तर चालेल ना?

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. चूर्णाने तिचा खोकला थांबला होता, हेही खरं. गोळ्यांच्या खिडकीतल्या फार्मासिस्टवरही माझा राग नाही. रांग पोर्चपर्यंत गेलेली. त्याने पाकिटावर १-०-० लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. भारतात डॉक्टरच एका रुग्णाला जेमतेम दोन मिनिटं देतात असं २०१७ साली एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आलं होतं, मग औषधाच्या खिडकीवर किती सेकंद मिळत असतील?

पण कायदा काय सांगतो? फार्मसी प्रॅक्टिस नियमावली २०१५ सालची आहे. रुग्णाला औषध समजावून सांगणं, एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून तीत लिहिलेलं आहे. आणि चूर्णाची खिडकी? आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, नुसतं विकायला लागत नाही. तिथे कोण बसलंय, त्याला काय येतं, हे विचारायची सोयच नाही. एका छताखाली दोन पॅथी आणल्या, त्या दोघींची औषधं एकाच पोटात जाणार हे ठाऊक असून ती एकत्र बघणारा एक माणूस नेमला नाही, आणि याला तुम्ही एकात्मिक म्हणता!

आईला घरी सोडताना माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला. स्वच्छता कशी, कर्मचाऱ्यांची वागणूक कशी, किती वेळ थांबावं लागलं. औषध देणाऱ्याने बाकीची औषधं विचारली का, हा प्रश्न त्यात नव्हता. स्वच्छतेसाठी सरकारच्या कायाकल्प योजनेचे गुण आहेत, बक्षिसं आहेत. फार्मासिस्टने किती चिठ्ठ्या तपासून डॉक्टरांना परत पाठवल्या, किती धोके वेळेत पकडले, याला गुण का नाहीत? गेलेल्या गोळ्यांचा हिशेब रुग्णालय पैशासकट ठेवतं. घरी गेल्यावर त्या कशा घ्यायच्या हे रुग्णाला कळलं की नाही, हे कुणी मोजत नाही. जे मोजत नाही त्यात त्रुटी आढळणार कशी?

दुष्परिणाम कळवायला गेलो तर तिथेही दोन दारं. ॲलोपॅथीच्या औषधाचं गाझियाबादच्या केंद्राकडे, आयुर्वेदाचं दिल्लीच्या. माझ्या आईला दोन्ही मिळून झालं, तिने कुठे जायचं? २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं ठरवलं. वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असेल म्हणाले. असेलही. मग ती ओळख पुडी रुग्णाच्या हातात पडण्याआधी कुणी पटवायची? रुग्णाने?

सार्वजनिक आरोग्य तुमच्याकडे, आयुष संचालनालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, अन्न व औषध प्रशासन तिसऱ्याच मंत्र्यांकडे. फिती कापायला सगळे एका व्यासपीठावर येता, माणूस मरायला टेकला की फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून जातात, हा २०२१-२२ चा सरकारचाच आकडा. आम्ही पैसे मोजायचे, आम्हीच चिठ्ठ्या ताडून बघायच्या, आम्हीच पुस्तकं धुंडाळायची, मग पगार कशाचे घेता तुम्ही लोक?

एकात्मिक कक्ष असलेल्या प्रत्येक रुग्णालयात दोन्ही पॅथींची औषधं एकाच कागदावर उतरवून घेणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमा. त्याने काय विचारलं, काय अडवलं, डॉक्टरांनी त्यावर काय केलं, याची नोंद ठेवा आणि ते आकडे दर तीन महिन्यांनी दर्शनी भागात लावा. ते जमत नसेल तर कक्षावरची 'एकात्मिक' ही पाटी उतरवा. पुन्हा 'चिठ्ठीनुसार देण्यात आली' एवढंच उत्तर आलं, तर तेही मी असंच जाहीर छापणार आहे.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक