दिवे घाटातल्या आजींना आणि त्यांच्या दिंडीला

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम हलवून सासवडकडे निघाली, त्या दिवशी दिवे घाटात आमचा सहा वर्षांचा लेक माझ्या हातातून सुटला. बाटलीचं झाकण लावायला हात सोडला, तेवढ्यात. वर बघते तर नुसत्या पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका.

पाऊण तास. त्या वेळात विठ्ठलाला मी काय काय बोलले, ते लिहवत नाही. सकाळीच लेकरावर ओरडले होते, "चालायचं नव्हतं तर आलास कशाला?" तेच कानात घुमत होतं.

नंतर कळलं, तो रडून नावही सांगेना, तेव्हा आजी, तुम्ही डोक्यावरचं तुळशीवृंदावन शेजारणीकडे दिलंत आणि त्याला कडेवर घेऊन घाट चढलात. टाळकरी दादांनी मागच्या दिंड्यांना निरोप दिला, "पिवळा शर्ट, लहान पोरगं, आई शोधा." तोंडोतोंडी तो माझ्यापर्यंत आला. एका पोलीस ताईंनी माझा हात धरून गर्दीतून वाट काढली. घाटमाथ्यावर तो तुमच्या मांडीवर राजगिऱ्याचा लाडू खात होता.

मी पाया पडायला वाकले, तर "माउली" म्हणत तुम्हीच आधी माझ्या पायांना हात लावलात. मला रडू आवरेना. दिंडी रथापुढची की रथामागची, एवढंही विचारायचं राहिलं.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच्या गळ्यात घातलेला छोटा टाळ आमच्या देवघरात आहे, आजी. रोज संध्याकाळी तो वाजवतो आणि "आजींचा टाळ" म्हणतो.