वकीलकाकू, तिसऱ्या अंकासाठी थँक्यू

प्रिय वकीलकाकू,

पर्सनल मेसेज केला असता तर तुम्ही नुसता अंगठा दाखवून मोकळ्या झाला असतात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या ग्रुपचं ‘द क्रूसिबल’चं वाचन तिसऱ्या अंकात रुतून बसलं होतं आणि ते तुमच्यामुळे सुटलं, एवढं तरी चारचौघांत सांगायलाच पाहिजे.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. आर्थर मिलरने लिहिलेलं, 1953 ला न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा झालेलं, आणि गोष्ट 1692 मधल्या सेलमची, म्हणजे अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. मुली रात्री जंगलात नाचताना पकडल्या जातात, आता आपली धडगत नाही म्हणून चेटकाचं नाव पुढे करतात, पहिली सापडते गुलाम टिटुबा, मग गावातली भिकारीण, आणि बघता बघता रिबेका नर्ससारखी अख्खं गाव जिला मानतं अशी म्हातारीसुद्धा तुरुंगात. खऱ्या सेलममध्ये 19 जणांना फाशी दिली (जाळलं कोणालाच नाही, हे आमच्यातल्या निम्म्यांना नवीन होतं).

तर आमचा प्रॉब्लेम होता जज डॅनफर्थ. जो कोणी वाचेल तो सिरीयलमधल्या व्हिलनसारखा गरजायचा. तुम्ही मागे चहा घेत बसला होतात आणि मधेच म्हणालात, “तो ओरडतोय कशाला? खुर्ची त्याचीच आहे ना?” बस, तिथून सगळं फिरलं. तुम्ही त्याचा युक्तिवाद हळू आवाजात वाचून दाखवलात, की चेटूक हा न दिसणारा गुन्हा, त्याला साक्षीदार कोण असणार तर चेटकीण आणि जिला त्रास झाला ती, चेटकीण काही स्वतःहून बोलणार नाही, मग उरल्या या मुली, त्यांच्यावरच विश्वास ठेवायला लागणार. इतकं शांतपणे ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला कारण क्षणभर मला ते पटलं होतं हो! एकदा हे मान्य केलं की वकिलाला काही कामच उरत नाही, असं तुम्ही म्हणालात, आणि तुमचा चेहरा बघून वाटलं की तुम्हाला त्या जजचा खरंच राग आलाय.

मग तुमचे कोर्टातले शब्द सुरू झाले आणि मजा आली. कबूल करून चार नावं देणारे सगळे ‘माफीचे साक्षीदार’, आणि त्याच मुलींतली मेरी वॉरन म्हणजे ‘फितूर’. ती नाटकाचा नायक, शेतकरी जॉन प्रॉक्टर, याच्या बाजूने खरं सांगायला येते, मुली तिच्यावरच उलटतात, तिने पाठवलेला पक्षी वर तुळईवर बसलाय असा आरडाओरडा करतात आणि ती घाबरून प्रॉक्टरवरच बोट दाखवते. तुम्ही म्हणालात अशा मुली कल्याण कोर्टात ढिगाने बघितल्यात, रागावू नका तिच्यावर, तिच्या पाठीशी उभं राहणारं कोणी नव्हतं. आणि 1872 च्या पुरावा कायद्याचं ते कलम 24, धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेला कबुलीजबाब चालत नाही. आता नवीन कायदा आलाय पण तत्त्व तेच, बरोबर ना? सेलममध्ये नेमकं उलटं, कबूल केलं तर जगाल, नाही म्हटलं तर फास. म्हणजे खोटं बोलणारा घरी आणि खरं बोलणारा वर. इतकी सरळ गोष्ट आम्हाला तोपर्यंत अशी दिसलीच नव्हती.

पण खरं थँक्यू प्रॉक्टरच्या बायकोच्या, एलिझाबेथच्या सीनसाठी. प्रॉक्टरने भर कोर्टात सांगून टाकलंय की या मुलींची म्होरकी ॲबिगेल, तिच्याशी माझे संबंध होते, आणि माझी बायको आयुष्यात खोटं बोलत नाही, तिला विचारा. तिला आत आणतात. प्रॉक्टर आणि ॲबिगेल दोघांना पाठ करून उभं करतात, तिने फक्त जजकडे बघायचं. ॲबिगेलला कामावरून का काढलंस, या प्रश्नाला ती अडखळत फिरवाफिरवी करते, नवऱ्याच्या पाठीकडे बघायला जाते तर लगेच दटावतात, आणि शेवटी नवरा बाहेरख्याली आहे का, सरळ हो की नाही, असं विचारल्यावर ती नाही म्हणते. नवऱ्याची अब्रू वाचवायला बोललेलं तिचं एकुलतं एक खोटं, आणि त्यानेच तो अडकतो. आम्ही हे रडत रडत वाचत होतो. तुम्ही म्हणालात रडू नका, ती हिशोब करतेय, प्रत्येक शब्दाआधी थांबते ते दुःखाने नाही, समोरच्याला काय माहीत आहे याचा अंदाज घेतेय. मी तसं वाचलं आणि हॉलमध्ये कोणी मोबाईल पण बघितला नाही, हे आमच्या ग्रुपच्या इतिहासात प्रथमच 😄

नाटकातल्या म्हाताऱ्या जाइल्स कोरीवर मात्र तुमचा विशेष जीव. तेहेतीस वेळा कोर्टाची पायरी चढलेला आणि प्रत्येक वेळी फिर्यादी! “असा अशील देव प्रत्येक वकिलाला देवो.” आरोपाला उत्तरच द्यायचं नाही म्हणजे जमीन मुलांना राहते, म्हणून उत्तर काढायला त्याच्या छातीवर दगड रचतात तरी तो अजून वजन टाका म्हणतो.

चौथ्या अंकावरून झालेलं भांडण अजून संपलेलं नाही. फास टाळायला प्रॉक्टरने खोट्या कबुलीजबाबावर सही करावी की नाही? घरी तीन मुलं, बायको पोटुशी. रेव्हरंड हेल, चेटूक ओळखायला बोलावलेला पाद्री, ज्याने स्वतः फाशीच्या हुकुमांवर सह्या केल्या तोच आता खोटं बोला पण जगा म्हणून विनवतोय. तुम्ही सरळ म्हणालात, वकील म्हणून मी सही करच म्हणाले असते. मला ते तेव्हा आवडलं नाही. मला प्रॉक्टरची वेगळीच अडचण खरी वाटते, की रिबेकासारख्या निर्मळ बाईच्या शेजारी आपण संत म्हणून फासावर चढलो तर तेही ढोंगच होईल, आपण कुठे संत आहोत. म्हणून तो आधी कबूल करतो, पण दुसऱ्या कोणाचं नाव घेत नाही, आणि तो सही केलेला कागद दारावर लावणार म्हटल्यावर फाडून टाकतो. ॲबिगेलचं प्रकरण मिलरने रचलेलं आहे, खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची आणि खरा प्रॉक्टर साठीचा होता, पण ते नसतं तर ही अडचणच उभी राहिली नसती, त्यामुळे मी ते माफ केलंय. आणि गंमत बघा, 1956 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने खुद्द मिलरला बोलावून कम्युनिस्ट मीटिंगला कोण कोण होतं ते विचारलं, त्याने नावं दिली नाहीत, 1957 ला दोषी ठरला, 1958 ला वरच्या कोर्टात सुटला. तुमच्या सल्ल्याने चालला असता तर काय झालं असतं, सांगा आता!

सगळं झाल्यावर आमच्यातल्या एकाने विचारलं की हे तिकडचं जुनं, आपला काय संबंध, तेव्हा तुम्ही फक्त नंदुरबारकडच्या डाकीण ठरवलेल्या बायकांबद्दल आणि आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल दोन वाक्यं बोललात आणि चपला घालून निघालात. भाषण केलं नाहीत म्हणून पण थँक्यू.

तर पुढच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये पूर्ण वाचन ठेवलंय. डॅनफर्थ तुम्ही वाचायचा आहे, विचारत नाहीये, सांगतेय. स्क्रिप्ट मोठ्या अक्षरात प्रिंट करून वॉचमनकडे ठेवलीय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची एलिझाबेथ